पुरात गाव कोणत्या वाटेनं, किती वाजता बाहेर काढायचं?

कृष्णा-पंचगंगेचा पूर डोंगरातल्या ओढ्यासारखा एकदम अंगावर येत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची आणि सांगलीत आयर्विन पुलाची पातळी पावसाळ्यात तासातासाला कळत असते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी; आयर्विन पुलाला हेच आकडे ४० आणि ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या आणि सांगलीत ५७ फुटांच्या वर गेलं, पण तिथपर्यंत चढायला त्याला काही दिवस लागले. एवढा वेळ हाताशी असूनही चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतून माणसं शेवटी बोटींनी काढावी लागली.

याचं मोठं कारण म्हणजे घर बुडायच्या कितीतरी आधी रस्ता बुडतो. उंबऱ्याला पाणी लागायला अजून दिवसभर अवकाश असतो, माणूस म्हणतो "बघू सकाळी", आणि तोवर गावाबाहेरच्या फरशी पुलावरून पाणी वाहायला लागलेलं असतं. म्हणून स्थलांतराची योजना करताना "जवळची वाट कोणती" या प्रश्नाआधी "कोणती वाट किती वाजेपर्यंत चालू" हा प्रश्न विचारायला हवा. नकाशाबरोबर वेळापत्रक बनवावं लागतं, आणि हे वेळापत्रक काढायला संगणकशास्त्रातले काही जुने, साधे अल्गोरिदम, म्हणजे पायरीपायरीनं करायच्या हिशेबाच्या पद्धती, फार उपयोगी पडतात.

हा लेख इंजिनिअरिंगची मुलं, शाळेतले शिक्षक, आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेले तरुण, ग्रामपंचायत सदस्य अशा नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. एका गावाचं गणित कागदावर सहज होतं, आणि पहिल्यांदा ते कागदावरच करावं. गाव हलवायचा निर्णय मात्र प्रशासनाचा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात, तालुक्याला तहसीलदार. तुमचं काम म्हणजे त्यांच्या हातात वेळेवर नेमके आकडे देणं.

पहिली पायरी: गावाचा ग्राफ काढा

ग्राफ म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. ठिपका म्हणजे ठिकाण: गावठाण, नदीकाठची वस्ती, मळ्यातल्या घरांचा एकेक पुंजका, प्रत्येक तिठा, प्रत्येक निवारा केंद्र. रेघ म्हणजे दोन ठिकाणांमधला रस्ता. तिला आपण दुवा म्हणू. पूल, मोरी, फरशी, बंधाऱ्यावरचा रस्ता यांच्या दोन्ही टोकांना ठिपके द्या, म्हणजे पूल हा स्वतंत्र दुवा होईल. पुरात आधी तोच तुटतो, त्यामुळे तो लांब रस्त्याच्या पोटात हरवता कामा नये.

नकाशा प्रमाणात काढायची गरज नाही. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या फुकट नकाशावरून सुरुवात करता येते, पण आपल्याकडच्या पाणंदी तिथे बऱ्याचदा नसतात आणि ज्या असतात त्यांवरून ट्रॉली जाते का हे नकाशा सांगत नाही. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरना बरोबर घेऊन बसा. भरलेली ट्रॉली कुठे वळते, कुठे रुतते, कोणत्या मोरीवर समोरून दुसरा ट्रॅक्टर आला तर मागे घ्यावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मळ्यात राहणारी कुटुंबं विसरू नका. गावठाणाची यादी तयार असते, उसाच्या फडापलीकडची चार घरं यादीतून सुटतात.

दुसरी पायरी: प्रत्येक दुव्यावर तीन आकडे लिहा

पहिला आकडा वेळेचा. किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही, भरल्या ट्रॉलीला पावसात किती मिनिटं लागतात ते लिहा. दुसरा आकडा क्षमतेचा, म्हणजे तासाला किती वाहनं त्या दुव्यावरून जाऊ शकतात. सगळ्यात अरुंद जागी उभं राहून बाजाराच्या दिवशी किंवा गळीत हंगामात अर्धा तास वाहनं मोजली तर चांगला अंदाज येतो.

तिसरा आकडा सर्वात महत्त्वाचा आणि मिळवायला सर्वात चिकाटीचा: दुवा कोणत्या पातळीला बंद होतो. जवळच्या मापकावर, म्हणजे राजाराम बंधारा किंवा आयर्विन पुलासारख्या पातळी मोजायच्या ठिकाणी, किती फूट झाले की इथे पाणी येतं? हे कुठल्याही वेबसाइटवर तयार मिळत नाही. उपग्रहावरून मोजलेल्या उंचीच्या फुकट फायली मिळतात, पण त्यांत उंचीची चूक काही मीटरची असू शकते, आणि आपला प्रश्न दोन-तीन फुटांचा असतो. त्या फायली तालुक्याचा ढोबळ अंदाज यायला ठीक, फरशीची उंची ठरवायला नाही.

मग आकडा कुठून आणायचा? लोकांच्या आठवणीतून, पण तपासून. २०१९ आणि २०२१ ला या फरशीवर पाणी कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता आलं, हे चार वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं विचारा. दूधवाला, शाळेची गाडी चालवणारा, पलीकडे शेत असलेला शेतकरी, पोलीस पाटील. त्या दिवसांची मापकाची पातळी जुन्या वर्तमानपत्रांत आणि नियंत्रण कक्षाच्या नोंदींत सापडते. दोन्ही जुळवलं की "फरशी: ३८ फूट" असा आकडा हाती येतो. उत्तरं वेगळी आली तर त्यातली सगळ्यात कमी पातळी धरा. भिंतींवरच्या पुराच्या खुणाही पाहा, आणि जमलं तर ओळखीच्या सर्व्हेअरकडून फरशीची आणि त्या खुणांची उंची एकदा लेव्हल लावून मोजून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण त्यानं सगळ्या योजनेचा पाया पक्का होतो.

शिरोळसारख्या भागात आणखी एक गुंता आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही आणि ते मागे तुंबत जातं, म्हणजे फूग चढते. अशा गावांत एकाच मापकावर विसंबून चालत नाही. दोन्ही नद्यांच्या पातळ्या शेजारी शेजारी लिहा.

रस्ता "बंद" कधी समजायचा? पाणी टेकलं की बंद. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी उभ्या माणसाचा पाय घसरवतं, फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगायला लागते आणि दोन फुटांत बहुतेक वाहनं वाहून जातात. "अजून ट्रॅक्टर जातोय की" हे वाक्य योजनेत नको.

तिसरी पायरी: कोणती वस्ती किती फुटांवर बेट होते?

इथे पहिला अल्गोरिदम येतो. जोसेफ क्रुस्कल यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या पद्धतीचं हे थोडं फिरवलेलं रूप आहे आणि ते वहीच्या एका पानावर होतं.

सगळे दुवे बंद होण्याच्या पातळीनुसार उतरत्या क्रमानं लिहा. मग रिकाम्या कागदावर फक्त ठिपके काढून, सगळ्यात उंच दुव्यापासून एकेक रेघ ओढत या. ज्या क्षणी एखादी वस्ती कुठल्या तरी निवाऱ्याशी जोडली जाते, त्या दुव्याची पातळी त्या वस्तीपुढे लिहा. पाणी त्या पातळीला पोचलं की ती वस्ती बेट.

उदाहरणासाठी एक कल्पित गाव घेऊ, पुढेही तेच वापरू. दुवे असे: गावठाणातून मोठ्या पुलावरून कारखान्याच्या गोदामाकडे, ४५ फूट. तिठ्यापासून हायस्कूलपर्यंत, ४४. गावठाणातून पाणंदीनं तिठ्यापर्यंत, ४०. गावठाणातून फरशी पुलावरून थेट हायस्कूल, ३८. नदीकाठच्या वस्तीतून गावठाण, ३६. निवारे दोन, हायस्कूल आणि गोदाम. रेघा ओढत आलो की गावठाण पहिल्याच रेघेत गोदामाला जोडलं जातं, म्हणून त्याचा आकडा ४५. नदीकाठची वस्ती मात्र अगदी शेवटच्या रेघेत जोडली जाते, तिचा आकडा ३६. तिथली घरं भले ४१ फुटांना बुडत असतील, पण तिथल्या लोकांना निघायचं आहे ते ३६ च्या आधी. सरपंचांना संगणकातलं काहीही दाखवण्याआधी हे एक पान दाखवा. गावात चर्चा इथूनच सुरू होते.

हीच पद्धत निवाऱ्यालाही लावा. २०१९ किंवा २०२१ ची सर्वोच्च पातळी धरून, तिच्याखालचे सगळे दुवे खोडा. हायस्कूल तालुक्याच्या दवाखान्याशी अजून जोडलेलं राहतं का? नसेल तर ते निवारा केंद्र स्वतःच बेट होणार. पाणी उतरायला आठवडा लागला तर तिथे औषध, चारा, पिण्याचं पाणी कसं पोचणार? दोन्ही पुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी येऊन तो काही दिवस बंद राहिला होता. मोठा रस्ता म्हणजे कायम चालू रस्ता, असं गृहीत धरता येत नाही.

चौथी पायरी: जवळचा निवारा, पण उलट्या बाजूनं

आता डायक्स्ट्रा. नेदरलँड्सचे एड्सखर डायक्स्ट्रा यांना ही पद्धत १९५६ मध्ये सुचली आणि त्यांनी ती १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. फोनवरचा नकाशा वाट दाखवतो त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. नवखे लोक प्रत्येक घरापासून निवाऱ्यापर्यंत वाट काढत बसतात. उलट करा. सगळ्या निवाऱ्यांवर शून्य लिहा. निवाऱ्याला लागून असलेल्या ठिकाणांवर पोचायची मिनिटं लिहा. ज्या ठिकाणाचा आकडा सर्वात लहान तो पक्का करा, त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे सुधारा, पुन्हा सर्वात लहान शोधा. सगळी ठिकाणं पक्की झाली की एकाच फेरीत प्रत्येक वस्तीचा जवळचा निवारा आणि तिकडची वाट मिळते.

पण इथेच थांबलात तर घात होईल. ही वाट कोरड्या दिवसाची आहे. आपल्या कल्पित गावात डायक्स्ट्रा सगळ्यांना फरशीवरूनच पाठवेल, कारण ती सर्वात जवळ. ती ३८ फुटांना जाते हे त्याला आपण सांगितलेलंच नाही, आणि सगळे एकदम निघाले तर तिथे रांग लागेल हेही नाही.

पाचवी पायरी: उशिरात उशिरा किती वाजता?

हा या लेखाचा गाभा आहे. डायक्स्ट्राचीच पद्धत, फक्त आकडा वेगळा: "किती मिनिटं लागतात" याऐवजी "इथून उशिरात उशिरा किती वाजता निघालं तर सुखरूप पोचू".

आधी पातळीचे फूट घड्याळाच्या वेळेत बदला. पाणी आत्ता किती, तासाला किती चढतंय, त्यावरून प्रत्येक दुवा किती वाजता बंद होईल ते काढा. हे गणित दोन वेगांनी करा: आत्ताच्या आणि वाईटात वाईट. धरणाचा विसर्ग वाढवल्याची बातमी आली की वाईटातला वेग धरा. वरून सुटलेलं पाणी आपल्यापर्यंत यायला तास लागतात, त्यामुळे आत्ताची पातळी पाहून पुढचा अंदाज चुकतो.

मग निवाऱ्यापासून मागे या. प्रत्येक दुव्यासाठी दोन वेळा पाहा: दुवा बंद व्हायची वेळ, आणि पुढच्या ठिकाणाहून निघायची शेवटची वेळ. त्यातली जी आधीची, तिच्यातून दुव्याची मिनिटं वजा करा. एका ठिकाणाहून दोन वाटा असतील तर ज्या वाटेनं जास्त उशिरापर्यंत निघता येतं तिची वेळ ठेवा.

समजा मळ्यातून तिठ्यापर्यंत २० मिनिटं लागतात आणि हा रस्ता रात्री ११ ला बंद होणार आहे. तिठ्यापासून निवाऱ्यापर्यंत १५ मिनिटं, पण मधली मोरी रात्री १० ला जाणार. तिठ्यावरून निघायची शेवटची वेळ पावणेदहा. मळ्यातून? दारासमोरचा रस्ता ११ पर्यंत कोरडा असला तरी तिठ्यावर पावणेदहाला पोचायचं, म्हणजे ९ वाजून २५ मिनिटांनी निघायला हवं. साडेनऊला निघालेलं कुटुंब कोरड्या रस्त्यानं जाऊन मोरीपाशी अडकेल, आणि परत फिरायला त्यांच्याकडे दीड तासही नसेल. शेवटची एसटी चुकावी तशी ही वेळ चुकते. स्टँडवर उभं राहून कळत नाही.

गणितातून आलेल्या शेवटच्या वेळेच्या आधी किमान दोन तास मोकळे सोडा. उत्तर अंधारात पडत असेल तर ते दिवस मावळायच्या आधीवर आणा. वीज गेलेली असते, पाणी कुठे आलंय ते दिसत नाही, आणि म्हातारी माणसं अंधारात ट्रॉलीवर चढायला घाबरतात.

सहावी पायरी: खेपा मोजा, जनावरांसकट

कृष्णाकाठी जनावरं सोडून माणूस निघत नाही. दुभती म्हैस म्हणजे घराचा महिन्याचा खर्च. तिला दावणीला सोडून चला म्हणणारी योजना कागदावरच राहते, मग ती गणितानं कितीही बरोबर असो. म्हणून खेपांच्या हिशेबात जनावरं पहिल्या ओळीपासून धरा.

आपल्या कल्पित गावात १,८०० माणसं आणि ६०० जनावरं आहेत. एका ट्रॉलीत सामानासह १५ माणसं म्हणजे १२० खेपा. जनावरं ट्रॉलीला ४ म्हणजे १५० खेपा. एकूण २७०. गावात चालू स्थितीतले, डिझेल भरलेले १५ ट्रॅक्टर. फरशीवरून हायस्कूलला जायला १० मिनिटं, यायला १०, चढ-उतार करायला २०. एक फेरी ४० मिनिटांची. तासाला साडेबावीस खेपा. मोठ्या पुलावरून गोदामाला जायला ३५, यायला ३५, चढ-उतार २०. फेरी दीड तासाची. तासाला फक्त १० खेपा.

पाणी आत्ता ३४ फुटांवर आहे आणि वाईटात वाईट तासाला अर्धा फूट चढतंय असं धरू. फरशी ३८ ला जाणार, म्हणजे हातात ८ तास. तेवढ्यात १८० खेपा होतात. उरलेल्या ९० मोठ्या पुलावरून, ९ तासांत. एकूण १७ तास. मोठा पूल ४५ ला बंद होतो, म्हणजे आत्तापासून २२ तासांनी. काम होतं आणि ५ तास हाताशी उरतात.

आता हाच निर्णय ६ तास उशिरा घेतला असं समजा. पातळी ३७. (नदीकाठची वस्ती ३६ लाच बेट झालेली असेल, ते या हिशेबात धरलेलं नाही.) फरशीला उरले २ तास, म्हणजे ४५ खेपा. मोठ्या पुलाला उरले १६ तास, त्यातले पहिले २ फरशीवर गेले, उरलेल्या १४ तासांत १४० खेपा. एकूण १८५. माणसांच्या १२० खेपा आधी केल्या तर जनावरांसाठी ६५ उरतात, म्हणजे २६० जनावरं बाहेर आणि ३४० मागे. आणि ३४० जनावरं मागे राहणार असतील तर त्यांच्याबरोबर किती माणसं मागे थांबतील, हे नदीकाठच्या कुणालाही विचारा. सहा तासांचा उशीर असा मोजून दाखवला की बैठकीत फार वाद होत नाहीत.

यातून क्रमही ठरतो. ज्या वस्तीची शेवटची वेळ सर्वात आधी, ती आधी. नदीकाठची वस्ती ३६ फुटांना बेट होते, म्हणजे ४ तासांत. पहिले ट्रॅक्टर तिकडे. त्यातही गरोदर बाया, अंथरुणावरचे रुग्ण, डायलिसिसवर असलेले, एकटी राहणारी म्हातारी माणसं पहिल्या खेपेत. यांची खरी यादी आशाताईंकडे असते. जनावरं मात्र माणसांच्या मागे ठेवू नका. पाणी कमी असतानाच, आदल्या दिवशी दुपारी, चालवत नेता येतील तेवढी चालवत न्या. भाकड जनावरं आणि कालवडी आधी, दुभती नंतर. त्यानं ट्रॉलीच्या खेपा चांगल्याच वाचतात.

बोट हाही एक दुवाच आहे आणि त्याची क्षमता सर्वात कडक पाळायची असते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर काढताना बोट उलटली आणि बायका-मुलांसह अनेक जीव गेले. बोटीवर किती माणसं, किती लाइफ जॅकेट हे आधी लिहून ठेवा, आणि योजना अशी करा की बोटीची गरजच पडू नये.

सातवी पायरी: अरुंद जागा शोधा

शेजारच्या गावानं आणखी १५ ट्रॅक्टर दिले तर काम दुप्पट वेगानं होईल? कागदावर तासाला ४५ खेपा. पण आपली फरशी एकेरी आहे. जाणारे-येणारे आळीपाळीनं सोडले तर तिथून तासाला ३० च खेपा होतात असं मोजमाप आलं, तर ३० च होणार. बाकीचे ट्रॅक्टर रांगेत उभे. लेस्टर फोर्ड आणि डेल्बर्ट फुल्करसन यांनी १९५६ मध्ये हेच सिद्ध केलं: जाळ्यातून जास्तीत जास्त किती वाहतूक होईल हे त्याच्या सर्वात अरुंद छेदावर ठरतं. गाव आणि निवारे यांना वेगळं करणारे दुवे असे निवडा की त्यांच्या क्षमतेची बेरीज सर्वात कमी येईल. ती बेरीज म्हणजे तुमची कमाल मर्यादा. खर्च करायचा, माणूस उभा करायचा, तो याच जागी.

आपल्या गावात एक तोड निघते. भरलेले ट्रॅक्टर फरशीवरून जाऊ देत, रिकामे मात्र तिठ्यावरून पाणंदीनं परत येऊ देत. चिखलात भरली ट्रॉली रुतेल, रिकामी निघते. परतीला १० ऐवजी २० मिनिटं लागली तरी फेरी ५० मिनिटांची होते, आणि ३० ट्रॅक्टरच्या तासाला ३६ खेपा होतात. वाट लांबली, काम वाढलं. पाणंद ४० फुटांना बंद होते, फरशीच्या नंतर, त्यामुळे परतीची वाट आधी तुटायची भीती नाही. हे दरवेळी तपासा.

मोठ्या शहरांत हीच कल्पना महामार्गाच्या उलट दिशेच्या लेन खुल्या करून वापरतात. सप्टेंबर २००५ मध्ये रीटा वादळाआधी अमेरिकेतल्या ह्यूस्टन भागातून लाखो लोक एकाच वेळी निघाले. उलट लेन खुल्या करायला उशीर झाला, उन्हात तासन् तास गाड्या अडकल्या, आणि वादळापेक्षा त्या स्थलांतरातच जास्त माणसं दगावली. सगळ्यांना एकदम "निघा" म्हणणं हाही धोकाच आहे. वस्तीवार वेळ द्या.

संगणकावर कधी जायचं?

एका गावाला कागद पुरतो. पंधरा-वीस गावं मिळून तेच दोन पूल आणि तेच निवारे वापरणार असतील तर मात्र संगणक हवा, कारण एका गावाची चांगली योजना दुसऱ्याची वाट अडवू शकते. नकाशावर काम करायला क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर तिच्यातलं ऑस्मएनएक्स हे तयार साधन ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते थेट ग्राफच्या रूपात आणतं आणि नेटवर्कएक्स या दुसऱ्या साधनात डायक्स्ट्रा, कमाल प्रवाह (जाळ्यातून जास्तीत जास्त किती वाहतूक), किमान छेद (सर्वात अरुंद छेद) तयार मिळतात. तिसऱ्या आकड्याचे, म्हणजे दुवा बंद होण्याच्या पातळीचे, रकाने त्यात तुम्हाला स्वतः भरावे लागतील.

वेळ आणि क्षमता दोन्ही एकत्र हाताळायला काळानुसार पसरलेला ग्राफ बनवतात: सकाळी ८ चं गावठाण हा एक ठिपका, सव्वाआठचं गावठाण हा दुसरा. फरशीचा दुवा ३८ फुटांच्या वेळेनंतरच्या ठिपक्यांमध्ये असतच नाही. यावर कमाल प्रवाह चालवला की खेपांचं वेळापत्रक निघतं. तालुका मोठा असेल तर हा ग्राफ फुगतो. त्यावर तोड म्हणून अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शशी शेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षमता लक्षात घेऊन एकेक गट मार्गी लावणारी पद्धत विकसित केली: सर्वात लवकर पोचणारी वाट शोधा, त्या वाटेवर त्या वेळेला जेवढी जागा आहे तेवढीच माणसं बसवा, जागा आरक्षित करा, उरलेल्यांसाठी पुन्हा शोधा. उत्तर अगदी सर्वोत्तम येईलच असं नाही, पण लवकर येतं, आणि पुरात लवकर आलेलं बरं उत्तर उपयोगाचं असतं. नवख्यानं प्रोग्रॅम लिहायचा झालाच तर हा लिहावा.

संगणकाचं उत्तर आल्यावर एखादा दुवा मुद्दाम तोडून पाहा. फरशीवर झाड पडलं, मोठ्या पुलावर ट्रक बंद पडला. प्रत्येक मोठ्या दुव्यासाठी "हा गेला तर" असं एकेक उत्तर तयार ठेवा.

कागद भिंतीवर गेला पाहिजे

पुरात वीज नसते, टॉवर बंद पडतो, फोनची बॅटरी उतरते. म्हणून शेवटचं रूप एका पानाचं असावं आणि त्यात "डायक्स्ट्रा" हा शब्दही नसावा. वस्तीचं नाव, मापकाची कोणती पातळी आली की निघायचं, कोणत्या वाटेनं, कोणत्या निवाऱ्यात, ट्रॅक्टर कुणाचे, वाटेत अरुंद जागी वाहनं सोडायला कोण उभं. पातळी फुटांतच लिहा, कारण रेडिओवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फुटांतच ऐकू येते. खाली नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आणीबाणीचा ११२. हे पान ग्रामपंचायतीत, शाळेत, दूध डेअरीत, देवळाच्या आवारात प्लास्टिकमध्ये घालून लावा आणि एक प्रत तहसील कार्यालयात द्या.

मेच्या शेवटी, शेतीची घाई सुरू व्हायच्या आत एकदा रंगीत तालीम घ्या. सगळं गाव हलवायची गरज नाही. पाच ट्रॅक्टर, नदीकाठच्या वस्तीतली दहा कुटुंबं, चार-सहा जनावरं, फरशीवरून हायस्कूल आणि पाणंदीनं परत. हातात घड्याळ घेऊन चढवायला खरंच २० मिनिटं लागतात का ते पाहा. म्हैस ट्रॉलीवर चढायला तयार नसते, फळी लागते, ती फळी कुणाच्या घरी आहे हे तेव्हाच कळतं. मिळालेले खरे आकडे खेपांच्या गणितात घाला आणि शेवटच्या वेळा पुन्हा काढा. दरवर्षी जूनच्या आत गावात काय बदललं तेही बघा: नवा भराव घातलेला रस्ता, मोरीत साचलेला गाळ, विकला गेलेला ट्रॅक्टर, मळ्यात नवं बांधलेलं घर. त्या प्रत्येक बदलानं एखादा आकडा बदलतो, आणि भिंतीवरच्या पानावर जुना आकडा खोडून नवा लिहिताना शेजारी तारीख घाला.